एका भोकात दोन गोळ्या

१

चोरीला गेला तो एक कागद. तोही भोकं पडलेला. रद्दीवाल्यानंसुद्धा उलटसुलट करून परत दिला असता.

सोमवारी सकाळी बंदूकवाल्याची लेक नेमबाजी मंडळाच्या कचेरीत गेली होती ती वकीलसाहेबांपुढे हात जोडायला. वकीलसाहेब मंडळाचे चिटणीस. हात जोडणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण अडला हरी म्हणतात ना, तशातली गत. तिनं तोंड उघडण्याआधीच साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

“आता हेही उद्योग सुरू झाले का?”

भिंतीवर फ्रेम होती, काच होती. काचेमागे मात्र नुसता तपकिरी पुठ्ठा. खालची पट्टी तेवढी शाबूत होती, वकीलसाहेबांच्या वळणदार अक्षरातली: ‘एका भोकात दोन’.

या फ्रेमची हकीकत सांगायला हवी. मंडळात आखूड नळीची रिव्हॉल्व्हर बाळगणारे चारपाच सभासद होते. दोन इंचांची नळी, पाच काडतुसांचं फिरतं चाक, खिशात मावणारं हत्यार. जवळच्या कामाला बरं, पण नेमाच्या नावानं बोंब. लांब नळीवाले त्यांना चिडवत, “भिंत मारायची असेल तर भिंतीला टेकून मारा.” आणि मागल्याच्या मागल्या रविवारी यांच्यातल्या दंतवैद्यांनी दहा मीटरवरून पाच गोळ्या झाडल्या. टार्गेटवर मधल्या काळ्या वर्तुळात भोकं सापडली चार. गोळ्या पाच, भोकं चार, म्हणजे एका भोकातून दोन गेल्या! मंडळात नुसता जल्लोष झाला. वकीलसाहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि दुसऱ्याच दिवशी टार्गेट भिंतीवर चढलं.

पुढच्या रविवारी, म्हणजे काल, त्याच दंतवैद्यांनी त्याच रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला आणि पहिल्याच गोळीला नळी फाटली. दोन बोटं जायबंदी झाली. मधल्या गुरुवारी रिव्हॉल्व्हर मूठ बदलायला बंदूकवाल्याकडे होतं. पुसायची चिंधी तो नळीत विसरला, अशी दंतवैद्यांची तक्रार वकीलसाहेबांनी तासाभरात लिहून काढली. बुधवारी परवाना कचेरीत सुनावणी होती.

लेकीला खरा चटका बसला तो बापाच्या उत्तराचा. चिंध्या मोजून काढणारा आणि मोजून ठेवणारा माणूस, चाळीस वर्षांत ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, तो मान खाली घालून म्हणाला, “असेल. माझ्याकडूनच राहिली असेल.”

मूठ तर तिनं बदलली होती. तिनं चिंधी घातलीच नव्हती. तसं ती म्हणालीही. बाप म्हणाला, “तू घरी गेल्यावर मी नळी पुसली होती.” विषय संपला.

दुकानाचा परवाना गेला तर दुकान गेलं. आणि तीन वर्षं कचेरीत रखडलेला, याच महिन्यात मंजूर होऊ घातलेला तिचा स्वतःचा कारागिरीचा परवानाही गेला. त्या कागदासाठी तिनं दोन चांगल्या नोकऱ्या नाकारल्या होत्या.

कचेरीतून बाहेर पडून तिनं आत्याला फोन लावला. अपघात, तक्रार, रिकामी फ्रेम, सगळं एका दमात सांगितलं.

“टार्गेट गेल्याचं दादाला कळवलंस?” आत्यानं विचारलं. बंदूकवाला धाकटा भाऊ असूनही ती त्याला दादाच म्हणे.

“मघाशी कळवलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाले, काच फुटली नाही ना?”

पलीकडे पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, “मी पुढच्या बसनं निघतेय.”

२

आत्यानं एकतीस वर्षं परवाना कचेरीत हत्यारं तपासली होती. आता निवृत्त होती, गुडघे दुखत होते, पण पिशवीत भिंग आणि पेनाएवढी बॅटरी अजून होती. जीभ तर भिंगापेक्षा धारदार होती.

तासाभरात कचेरीत पोचून तिनं फ्रेम उतरवली आणि उलटी केली. मागचे चारही चिमटे जागच्या जागी दाबलेले होते. पुठ्ठ्यावर ओरखडा नव्हता.

“चोर भारी नीटनेटका आहे,” ती म्हणाली. “कुणीतरी चांगलं वळण लावलंय त्याला. किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?”

“माझ्याकडे,” वकीलसाहेब म्हणाले. “मंडळाच्या बंदुकांची देखभाल करतो म्हणून बंदूकवाल्याकडे. आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला दर सोमवारी घड्याळजी येतात, त्यांच्याकडे. त्यांनीच आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं.”

“त्या जल्लोषाच्या रविवारी किती जण झाडत होते?”

“तिघं, एका रांगेत.”

“म्हणजे कुणाचा बार कुठला, हे कळायची सोय नाही.”

“कानांवर टोप्या असतात हो. कळून करायचंय काय? टार्गेट ज्याचं त्याचं वेगळं असतं.”

“आणि झाडून झाल्यावर? चाक उघडायचं, नळी उजेडाकडे धरायची, आरपार दिसते का ते चिटणिसांनी बघायचं, असा नियम आहे ना?”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला. “त्या दिवशी सगळे टार्गेटकडे धावले.”

“तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा.” मग आवाज चढवून ते म्हणाले, “हे पाहा, मी इथे साक्षीदार आहे. आरोपी नाही.”

“कुणी म्हटलं का तसं?” आत्यानं फ्रेम सरळ टांगली. “फाटलेल्या नळीजवळ जळकी चिंधी कुणाला सापडली?”

वकीलसाहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले. रस्त्यावर आल्यावर लेक म्हणाली, “आत्या, चिंधी सापडलीच नसेल तर बाबा कबूल का करतायत?”

“तेच मला सगळ्यात जास्त छळतंय,” आत्या म्हणाली.

३

दंतवैद्य स्वतःच्याच दवाखान्यात रुग्णाच्या खुर्चीत आडवे पडले होते. उजवा हात पट्ट्यांनी गुंडाळलेला. शर्टाची बटणं बायकोनं लावली होती, त्यातलं एक चुकलं होतं.

“दाढ काढायला हात लागतो हो,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांत बोटं वळतील. नाही वळली तर? मी काय नुसत्या गप्पा मारून दाढा पाडू?”

लेकीला एकदम कळलं, की हा माणूस रागावलेला कमी आणि घाबरलेला जास्त आहे. सकाळपासून त्यांच्यावर मनातल्या मनात हासडलेल्या शिव्या तिनं परत घेतल्या.

आत्यानं मात्र घाव घातला तो नेमक्या जागी. “टार्गेट भारी झालं म्हणे तुमचं.”

त्यांचा चेहरा असा उजळला, की हात दुखायचाही थांबला असावा. “अहो, काय सांगू! पहिल्या चार गोळ्यांना नेहमीसारखा हिसका बसला. आखूड नळी म्हणजे उडी मारतेच. पण पाचवी? हाताला धक्काच नाही! जणू फूल सोडलं. तेव्हाच मनात म्हटलं, ही बसली.”

“धक्काच नाही?”

“अजिबात नाही. म्हणून तर जाड मूठ बसवायला दिली. म्हटलं, पकड अशी जमतेय तर आणखी जमू दे.”

“रिव्हॉल्व्हर त्या दिवशी पुसलं कधी?”

“पुसायला वेळ कुठला? सगळे फोटो काढत होते. तसंच पेटीत ठेवलं आणि गुरुवारी तसंच हिच्या हातात दिलं.”

“आणि काडतुसं? तुमचीच?”

“माझा डबा संपला होता. घड्याळजींकडून पाच मागून घेतली. ते घरी भरतात ना. मोजूनमापून भरणारा माणूस.” मग ते कुजबुजले, “टार्गेट सापडेल ना हो? तसं पुन्हा होणं नाही.”

जिन्यात आत्या कठड्याला धरून थांबली. लेकीला वाटलं गुडघा दुखला. पण आत्या म्हणाली, “आता घड्याळजींकडे. आणि देवा, एकदा तरी माझा अंदाज चुकू दे.”

४

घड्याळजींच्या दुकानात तेवीस घड्याळं चालू होती आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. मागच्या खोलीत काडतुसं भरायचं छोटं यंत्र, तराजू आणि दारूचा डबा. बसायला एकच स्टूल होतं, ते त्यांनी आत्याला दिलं.

“मी घाई करत नाही,” दारू तोलायचा चमचा उचलून दाखवत ते म्हणाले. “आधी पुंगळीच्या मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवतो, मग दारू तोलून पुंगळीत घालतो, मग वर शिशाची गोळी. एकेक करून.”

“मधे कुणी हाक मारली तर?”

“दुकानात मी एकटाच असतो. कोण हाक मारणार?”

त्याच क्षणी बारा वाजले. बारा वाजले म्हणजे तेवीस घड्याळांनी पाळीपाळीनं बारा ठोके दिले. चांगली तीन मिनिटं कुणालाच काही बोलता येईना. घड्याळजी सवयीनं उठले, मागे पडलेल्या एका घड्याळाचा काटा पुढे केला, आणि परत येऊन म्हणाले, “हं, तर मी कुठे होतो?”

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. काय झालं ते त्यांना हळूहळू उमगलं. तोलायचा चमचा त्यांच्या हातातच होता.

“रिकाम्या पुंगळ्या तुम्ही जमवता ना?” आत्यानं हलक्या आवाजात विचारलं. “त्या रविवारच्या आहेत?”

त्यांनी पुठ्ठ्याचा डबा पुढे केला. महिन्याच्या शेवटी ते एकदम धूत, म्हणून आतल्या सगळ्या अजून तशाच होत्या. आत्या एकेक पुंगळी उचलून बॅटरीच्या उजेडात आत पाही आणि बाजूला ठेवी. काळी. काळी. काळी. एकतिसावी आतून लखलखीत होती.

“मागची टोपी फुटलीय,” ती म्हणाली, “पण आत दारू जळल्याची काजळी नाही. दारू नव्हतीच. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी ढकलली गेली ती अर्ध्या नळीपर्यंत, आणि तिथेच अडकून बसली. म्हणून हाताला धक्का नाही. चार भोकं, कारण चारच गोळ्या कागदापर्यंत पोचल्या. काल त्यांनी झाडलेली गोळी त्या अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळली.”

घड्याळजींनी ती पुंगळी घेऊन स्वतः आत पाहिलं. “म्हणजे त्यांची बोटं... माझ्यामुळे?” त्यांनी लेकीपुढे हात केला. “पोरी, त्या टेबलावरचा कागद दे. आत्ताच्या आत्ता लिहून देतो. उद्यावर टाकलं तर माझी हिंमत जाईल.”

लेकीच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. गोळी पहिल्याच रविवारी अडकली होती. चिंधी नाही, बाप नाही! रस्त्यावर आल्याबरोबर ती बोलत सुटली. “आता फक्त टार्गेट पाहिजे. नुसती पुंगळी दाखवली तर वकील म्हणतील, कुठल्याही दिवशीची असेल. चार भोकं आणि त्यांची तारखेसह सही, हा खरा पुरावा. आणि तो त्यांनीच पळवला! नळी तपासली नाही, वर चाराचे पाच केले, हे झाकायला.”

“वकिलांनी पळवलं असतं तर पट्टीसुद्धा नेली असती. अक्षर त्यांचं आहे,” आत्या म्हणाली. “दंतवैद्यांना स्वतःचं बटण लावता येत नाही, ते चार चिमटे काय उघडतील? आणि घड्याळजींना मघापर्यंत काहीच माहीत नव्हतं, नाहीतर ती पुंगळी कधीच धुतली असती.”

“मग उरलं कोण?”

आत्यानं तिचा हात धरला. “त्या कागदामुळे कुणाचं नुकसान होतं, ते अजून तुझ्या लक्षात येत नाहीये का गं?”

५

दोघी बसथांब्याच्या बाकावर बसल्या.

“गोळी अडकली रविवारी,” आत्या म्हणाली. “नळी फाटली पुढच्या रविवारी. मधे गुरुवार येतो.”

लेकीनं बोटांवर वार मोजले आणि गुरुवारपाशी तिचा अंगठा थांबला.

गुरुवार. संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ. कचेरीतून फोन आला होता, परवान्याची फाइल वर गेली म्हणून. ती आनंदात होती. रिव्हॉल्व्हर हातात घेतल्यावर चाक उघडलं होतं, पाचही घरं रिकामी असल्याची खात्री केली होती. तेवढ्यानं आपला जीव वाचतो. पण दुकानाचा नियम पुढचा होता: काम कसलंही असो, आधी नळीतून उजेड पाहायचा. तो नियम तिला बापानं अक्षरं शिकवायच्या आधी शिकवला होता. आणि ती मनात म्हणाली होती, दोन इंचांची नळी, तीत काय अडकणार? मूठ तर बदलायचीय. एक स्क्रू काढला, एक लावला, झालं.

“मी पाहिलं नाही, आत्या.” तिचा आवाज तिला परका वाटला. “एकदा पाहिलं असतं तर त्यांचा हात वाचला असता.”

“वाचला असता,” आत्या म्हणाली. खोटा दिलासा द्यायची तिला सवय नव्हती. “टार्गेट सापडलं की दादा सुटतो आणि तू सापडतेस. हे कालच एका माणसाच्या ध्यानात आलं. फाटलेली नळी पाहताक्षणी ज्याला गोळी अडकल्याचं कळेल असा कारागीर इथे एकच आहे. वर बघितलं असेल, भिंतीवर चार भोकं. आपल्याला वाचवणारा पुरावा चोरीला गेला असं ऐकल्यावर निर्दोष माणूस आकाशपाताळ एक करतो. हा विचारतो, काच फुटली नाही ना!” ती उठली. “नीटनेटका चोर म्हटलं ना? ते वळण मीच लावलंय त्याला. चल.”

बंदूकवाला कामाच्या टेबलाशी बसला होता. त्यानं दोघींचे चेहरे पाहिले. खालचा खण उघडला, पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“जाळणार होतो,” तो म्हणाला. “पण चार भोकं खरी होती. खरं काम हातानं जाळवत नाही.”

“बाबा, तुम्ही खोटं का बोललात?”

“माझी चाळीस वर्षं झाली. अजून चारपाच केली असती. तुझी अजून सुरूसुद्धा नाही झाली. चूक काय, माणसाकडून होते. ती पहिल्याच पानावर कशाला लिहायची?”

“आणि तुमच्या नावावर माझी चूक घालून मिळालेला परवाना मी भिंतीवर लावू? रोज त्याच्याकडे बघून काम करू?” ती रडत होती आणि ओरडतही होती. “तुमच्यावर राग आहे माझा. इतका राग कधी आला नव्हता. आणि असा बाप कुणाला मिळत नाही, हेही मला कळतंय. पण बुधवारी मी बोलणार.”

बंदूकवाल्यानं मदतीसाठी बहिणीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस? गाढव आहेस,” आत्या म्हणाली आणि तिचे स्वतःचेच डोळे भरून आले.

६

बुधवारी परवाना कचेरीतल्या लांब टेबलावर तो कागद ठेवला होता. शेजारी एक लखलखीत पुंगळी.

घड्याळजींनी आपला जबाब स्वतः वाचला. मधे ते एकदाही थांबले नाहीत. भरायचं यंत्र विकून टाकल्याचंही त्यांनी सांगितलं. मग कुणी न विचारता वकीलसाहेब उभे राहिले. “नळ्या तपासणं माझं काम होतं. मी तपासल्या नाहीत. चार भोकं असताना पाच मोजली. मला तसं मोजायचं होतं, म्हणून मोजली.” एवढं बोलून ते धपकन बसले. त्यांच्या वकिलीतलं ते सगळ्यात छोटं भाषण असावं.

मग लेक उठली. गुरुवारी काय केलं आणि काय केलं नाही, ते तिनं तारीखवेळेसह सांगितलं. फोन आल्याचं कारण तिनं सांगितलं नाही. कारण होतं, पण सबब वाटली असती.

दंतवैद्य टार्गेटकडे टक लावून बसले होते. “म्हणजे... चारच?”

“चारच,” आत्या म्हणाली. “पण चारही काळ्यात. आखूड नळीतून दहा मीटरवर. एकतीस वर्षांत असे मी फार पाहिले नाहीत.”

त्यांनी सुस्कारा सोडला. “चाळीस रुग्णांना सांगून बसलोय हो पाच म्हणून.” खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. मग ते गंभीर झाले. “मीही ते पुसलं नाही. फोटो काढत बसलो. साहेब, तक्रार मागे घेतो.”

अधिकारी तरुण होता आणि बराच वेळ लिहीत होता. खोटा जबाब दिल्याबद्दल आणि पुरावा लपवल्याबद्दल बंदूकवाल्याला लेखी ताकीद मिळाली. दुकानाचा परवाना कायम राहिला. मग त्यानं लेकीची फाइल उघडली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

“सही करण्याआधी एकच विचारतो,” अधिकारी बंदूकवाल्याला म्हणाला. “उद्या तुमच्या दुकानात हत्यार आलं, तर नळीतून कोण पाहणार? तुम्ही का ही?”

“ही,” बंदूकवाला म्हणाला. विचार करायला तो थांबलाही नाही.

“चूक हिचीच होती ना?”

“म्हणून तर. मी चाळीस वर्षं सवयीनं पाहतोय, साहेब. सवय एखाद्या दिवशी झोपते. हिला आता नळी दिसली की त्यांचा हात दिसेल. ही जन्मात विसरायची नाही. आणि मी हिच्यासाठी खोटं बोललो, तरी ही माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलली नाही. असा कारागीर मला तरी दुसरा माहीत नाही.”

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा उचललं. “तीन महिने वडिलांच्या देखरेखीखाली. चौथ्या महिन्यापासून परवाना हिच्या नावानं.” त्यानं सही केली.

लेक तिथेच, सगळ्यांसमोर, रडली. तिला लाज वाटली नाही. बाप शेजारी उभा होता आणि त्याला रुमाल सापडत नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर दंतवैद्य तिची वाट पाहत उभे होते. पट्टी बांधलेला हात त्यांनी छातीशी धरला होता.

“नवी नळी बसवायचीय,” ते म्हणाले. “तूच बसव.”

“माझा परवाना यायला तीन महिने आहेत, काका. बाबा आजही बसवून देतील.”

“माझ्या बोटांनाही तेवढेच लागतील.” त्यांनी मान हलवली. “थांबतो मी.”